नाम एक, पुरुष अनेक : तीन चांगदेवांचा निर्णय

नामस्मरण हा साधकाचा नित्यविधी आहे. परंतु नुसत्या नामाने स्मरण पूर्ण होत नाही, अशी आपल्या पूर्वाचार्यांची शिकवण आहे. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा या चारही अंगांनी स्मरण करावे, असे ते सांगतात. या विधीचा साधनेच्या दृष्टीने विचार पुष्कळ झाला आहे. इतिहासाच्या दृष्टीनेही त्यात एक मोठे मर्म आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावे एवढ्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे. नाम पुष्कळांचे एकच असू शकते. लीळा, स्थान व चेष्टा मात्र ज्याच्या त्याच्याच असतात. म्हणून ज्याला केवळ नाम ठाऊक आहे, त्याला पुरुष ठाऊक आहे असे म्हणता येत नाही.

प्रश्नाचे स्वरूप

अकोला व अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतील वासनिक मंडळी एक प्रश्न वारंवार विचारतात. आपल्या वऱ्हाडातून वाहणारी पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावते. अकोल्याहून अकोटास जाताना गांधीग्रामजवळ आपण ती ओलांडतो. पुढे बुलढाणा जिल्हा मागे टाकून ती जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. या संगमावरील गावाचे नाव चांगदेव. तेथे चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे व महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. वऱ्हाडातूनही पुष्कळ लोक त्या यात्रेस जातात. त्यांतील एखादा उपदेशी आश्रमात येऊन विचारतो, "बाबा, हे चांगदेव म्हणजे आपले चांगदेव राऊळच ना? मग तेथे दंडवत घालावा की नाही?"

प्रश्न साधा दिसतो, पण तो सामान्य नव्हे. पंचकृष्णांत ज्यांची गणना होते ते श्रीचक्रपाणी प्रभू हेच श्रीचांगदेव राऊळ होत. ज्ञानमार्गाने चालणाऱ्यास परमेश्वर अवतार कोणता व योगसिद्ध पुरुष कोणता, याचा विवेक असलाच पाहिजे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत असे ज्यास शिकविले, त्याने केवळ अक्षरे जुळली म्हणून एकाचे स्मरण दुसऱ्याच्या ठायी करावे, हे अनन्यभक्तीला बाधक आहे. उलट पक्षी, जे योगी पुरुष दुसऱ्या परंपरेत पूज्य आहेत, त्यांच्या नावावर आपल्या लीळा चढविणे हाही त्या परंपरेवर अन्याय आहे. तेव्हा निर्णय करणे प्राप्त आहे.

'चांग' या शब्दाचा अर्थ प्रथम पाहावा. जुन्या मराठीत चांग म्हणजे उत्तम, शुभ. आजचा 'चांगला' हा शब्द त्याच कुळातील आहे. आईबापांनी मुलाचे नाव चांगदेव ठेवावे, यात विशेष ते काय? ज्या काळात व ज्या देशात असे नाव शुभ मानले जाई, तेथे ते अनेक घरी असणारच. यादवकाळाच्या सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांत या नावाचे निदान तीन पुरुष असे होऊन गेले, की त्यांची स्मृती आजपर्यंत टिकली आहे. त्यांतील एक परमेश्वर अवतार, दुसरे ज्योतिषी आणि तिसरे योगी.

निर्णयाची पाच साधने

नामसाम्य असता पुरुषाचा निर्णय पाच साधनांनी करावा : काळ, स्थळ, कुल, गुरू आणि कृती. यांतील एकट्या साधनावर भिस्त ठेवू नये. दोन पुरुष समकालीन असतील, तर काळ निरुपयोगी होतो. एकच पुरुष अनेक ठिकाणी राहिला असेल, तर स्थळ फसविते. परंतु पाचांतील तीन-चार साधने एकमुखाने बोलू लागली, म्हणजे संशयास जागा उरत नाही. आता ही साधने तिन्ही चांगदेवांना क्रमाने लावून पाहू.

पहिले : श्रीचांगदेव राऊळ

यांचा जन्म फलटण येथे कऱ्हाडे ब्राह्मण कुळात झाला. पित्याचे नाव जनकनायक व मातेचे जनकाइसा. फलटण आज सातारा जिल्ह्यात आहे. गृहस्थाश्रमात असता ते मातापूर म्हणजे माहूर येथे गेले. तेथे श्रीदत्तात्रेय प्रभूंनी व्याघ्ररूपाने येऊन त्यांच्या मस्तकावर चवडा ठेविला व त्यांनी शक्तिस्वीकार केला. पुढे ते द्वारावतीस गेले. तेथील रस्ते ते स्वहस्ते झाडीत, केर सुपात भरीत आणि गोमतीत टाकीत. अनेक पुरुषांस त्यांनी विद्यादान केले. रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभू, ज्यांना लोक गुंडम राऊळ म्हणत, त्यांनी द्वारावतीस यांच्यापासूनच शक्तिस्वीकार केला. पुढे कामाख्येच्या निमित्ताने श्रीचांगदेव राऊळांनी देहत्याग केला आणि भडोच येथील प्रधानपुत्र हरपाळदेव यांच्या देहाचा स्वीकार केला, असे आपली परंपरा सांगते. हेच पुढे श्रीचक्रधर.

'राऊळ' या पदाकडे अभ्यासकाने दुर्लक्ष करू नये. राजकुल या संस्कृत शब्दापासून ते आले आहे. मुळात राजाचे घर असा त्याचा अर्थ होता, पुढे ते आदरार्थी पद झाले. चांगदेव राऊळ व गुंडम राऊळ या दोन्ही नावांत ते जोडलेले आहे. नामसाम्य असता अशा उपपदाचा फार उपयोग होतो.

काळ पाहू जाता, श्रीचक्रधरांचे उत्तरापंथे गमन १२७४ साली झाले असे मानले जाते. त्यापूर्वी कित्येक वर्षे ते महाराष्ट्रात परिभ्रमण करीत होते. म्हणजे श्रीचांगदेव राऊळांचा देहत्याग त्याहूनही पुष्कळ अगोदरचा. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

दुसरे : ज्योतिषी चांगदेव

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटण म्हणून गाव आहे. तेथील भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या दृष्टीस आणला. लेखाचा काळ शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ कुळातील सोइदेव याने एका मठास दान दिले, त्याची ही नोंद आहे. तो मठ ज्यांनी स्थापिला त्यांचे नाव चांगदेव. सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ ११५० साली रचणारे भास्कराचार्य हे या चांगदेवांचे आजोबा. पित्याचे नाव लक्ष्मीधर. स्वतः चांगदेव हे यादव राजा सिंघणदेव याचे ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे, हा मठस्थापनेचा हेतू होता.

या लेखातील अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातील मालावर राउळास, म्हणजे राजास, जे उत्पन्न येई, त्यातील भाग मठास दिल्याचा उल्लेख त्यात आहे. 'राऊळ' या शब्दाचा मूळ अर्थ येथे स्पष्ट दिसतो. म्हणजे एकाच शिलालेखात 'चांगदेव' हे नामही आहे आणि 'राऊळ' हा शब्दही आहे. घाईघाईने वाचणारा या दोहोंची सांगड घालून चांगदेव राऊळ सापडले असे म्हणेल. परंतु तेथील राऊळ म्हणजे राजसत्ता आणि तेथील चांगदेव म्हणजे गणिती. दोन शब्द एका दगडावर आहेत म्हणून ते एका पुरुषाचे होत नाहीत.

येथे काळाचे साधन आपणास साहाय्य करीत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. १२०७ साली मठ स्थापणारे हे चांगदेव आणि द्वारावतीचे श्रीचांगदेव राऊळ हे जवळजवळ एकाच युगातील. परंतु कुल पाहिले की भेद तत्काळ उघडतो. एकाचे पिता लक्ष्मीधर, दुसऱ्याचे जनकनायक. एकाचे घराणे शांडिल्य गोत्री, ज्योतिषशास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले, तर दुसऱ्याचे फलटणचे कऱ्हाडे. एकाची कृती मठ व ग्रंथाध्यापन, दुसऱ्याची द्वारावतीतील मार्जन व विद्यादान. पाचांपैकी चार साधने भेद सांगतात.

याच शिलालेखातील वंशावळीत आणखी एक धडा आहे. भास्कराचार्यांच्या पूर्वजांत भास्करभट्ट नावाचे दुसरे पुरुष होऊन गेले. भोजराजाने त्यांस विद्यापती ही पदवी दिली असे लेख सांगतो. त्यांच्या पुत्राचा उल्लेख गोविंदसर्वज्ञ असा आहे. भास्करभट्ट म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे शिशुपाळवध व उद्धवगीता रचणारे कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर उभे राहतात. गोविंद म्हणताच श्रीगोविंदप्रभू आठवतात, आणि सर्वज्ञ म्हणताच श्रीचक्रधर स्वामी. परंतु त्या दगडावरील भास्करभट्ट आपले कवी नव्हेत, तेथील गोविंद रिद्धपूरचे नव्हेत आणि तेथील सर्वज्ञ ही एका पंडिताची पदवी आहे. अक्षरांची ओळख म्हणजे पुरुषाची ओळख नव्हे, याचे याहून उघड उदाहरण क्वचितच मिळेल.

तिसरे : योगी चांगदेव वटेश्वर

तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव ते हेच. वारकरी परंपरेत यांची कथा सर्वज्ञात आहे. योगबलाने चौदाशे वर्षे आयुष्य राखलेले हे योगी श्रीज्ञानदेवांस कोरे पत्र पाठवितात, उत्तरादाखल ज्ञानदेव पासष्ट ओव्या लिहितात, पुढे योगी वाघावर बसून भेटीस येतात, भावंडे भिंत चालवून सामोरी जातात आणि मुक्ताबाई त्यांच्या गुरू होतात, असा तो कथाभाग. चांगदेवपासष्टी या नावाने तो लहान ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्या ग्रंथातच ज्ञानदेवांनी त्यांस वटेश्वराचा पुत्र असे संबोधिले आहे. म्हणजे कुल अथवा गुरू यांचे साधन खुद्द ग्रंथातच मिळते.

या योग्यांचा तत्त्वसार हा स्वतंत्र ग्रंथ उपलब्ध झाला आहे. त्याच्या अखेरीस शके १२३४, म्हणजे इसवी सन १३१२ असा काळ दिला आहे व हरिश्चंद्र पर्वताचा निर्देश आहे. हा पर्वत म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्ह्यातील हरिश्चंद्रगड. त्यांची समाधी म्हणून गोदावरीकाठचे पुणतांबे दाखविले जाते. संगम, गड आणि पुणतांबे ही तिन्ही स्थळे एकाच पुरुषाशी जोडलेली आहेत. स्थळे तीन आहेत म्हणून पुरुष तीन मानू नयेत.

आता काळाचा विचार करावा. ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली आणि ज्ञानदेवांची समाधी १२९६ सालची. त्यांच्याशी पत्रव्यवहार करणारा व १३१२ साली ग्रंथ पूर्ण करणारा पुरुष हा १२७४ पूर्वीच, श्रीचक्रधरांच्याही प्रवृत्तीच्या अगोदर, देह ठेवून गेलेला असणे शक्य नाही. येथे काळ, स्थळ, कुल, गुरू आणि कृती ही पाचही साधने भेद सांगतात. श्रीचांगदेव राऊळांचे गुरुस्थान श्रीदत्तात्रेय प्रभू, योगी चांगदेवांचे वटेश्वर व मुक्ताबाई. श्रीचांगदेव राऊळांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही, योगी चांगदेवांचा तत्त्वसार उपलब्ध आहे.

तीन शंका व त्यांचे समाधान

पहिली शंका : दोन्ही कथांत वाघ आहे. मग मूळ कथा एकच असून पुढे दोन झाल्या नसतील कशावरून?

समाधान : वाघ दोहोंत आहे खरा, परंतु त्याचे कार्य पाहावे. माहूरच्या लीळेत व्याघ्र हे श्रीदत्तात्रेय प्रभूंचे रूप आहे, तो कृपा करणारा आहे आणि त्याचा चवडा मस्तकावर येतो. योग्याच्या कथेत वाघ हे वाहन आहे, सिद्धीचे चिन्ह आहे, आणि कथेचा रोख त्या सिद्धीचा अभिमान उतरावा याकडे आहे. एकीत पुरुष व्याघ्राच्या हाताखाली आहे, दुसरीत व्याघ्र पुरुषाच्या खाली आहे. वाघावर आरूढ झालेल्या योग्याचे चित्र कोणी श्रीचक्रपाणी प्रभूंचे म्हणून भ्रमणध्वनीवर धाडले, तर ते पुढे पाठविण्यापूर्वी वासनिकांनी एवढा भेद आठवावा.

दुसरी शंका : योगी चौदाशे वर्षे जगले असे म्हणतात. मग तेच पूर्वी द्वारावतीस होते व पुढे संगमावर आले, असे का म्हणू नये?

समाधान : असे म्हटले तर चौदाशे वर्षांतील कोणताही चांगदेव तोच ठरेल, पाटणचे ज्योतिषीही तेच ठरतील, आणि निर्णयच संपेल. कथेचे तात्पर्य योगसामर्थ्य सांगणे हे आहे, कालगणना करणे हे नव्हे. ज्या विधानाने सर्व काही सिद्ध होते, त्याने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय आपल्या परंपरेचे म्हणणे असे, की श्रीचांगदेव राऊळांनी देहत्याग केला, देह लांबविला नाही. दोन्ही परंपरा आपापल्या ठिकाणी एकमेकींहून निराळेच सांगत असता, त्या एक आहेत असे तिसऱ्याने म्हणावे, हे दोघींचेही न ऐकण्यासारखे आहे.

तिसरी शंका : हरिश्चंद्रगडावरील शिलालेखात वटेश्वराच्या संबंधाने चक्रपाणी हे नाव कोरलेले आढळते. चांगदेव आणि चक्रपाणी ही दोन्ही नावे जुळली, तर पुरुष एक का मानू नये?

समाधान : ही शंका तिन्हींत बळकट आहे, म्हणून तिचा आदर करावा. परंतु चक्रपाणी हे विष्णूचे नाव आहे व ते मनुष्यांस ठेवण्याची रीत सार्वत्रिक होती. त्या लेखातील चक्रपाणी हा वटेश्वराचा म्हणून सांगितला आहे, आपले चक्रपाणी प्रभू जनकनायकांचे. एक नाम जुळले तर योगायोग म्हणता येतो, आणि दोन नामे जुळली तर अधिक शोध करावा. परंतु शोधाअंती कुल व गुरू भिन्न निघाले, तर दोन नामांचे बळही पुरे पडत नाही.

हा घोटाळा का वाढला

महाराष्ट्रात चांगदेव म्हटले की सामान्य माणसास योगी चांगदेवच आठवतात, श्रीचांगदेव राऊळ आठवत नाहीत. याचे एक कारण आपल्याच घरात आहे. पंथाचे ग्रंथ अनेक शतके सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपींत बंद राहिले. ग्रंथ शुद्ध राहावेत, अनधिकाऱ्याच्या हाती जाऊ नयेत, हा हेतू त्यामागे होता व तो साधलाही. परंतु त्यामुळे कीर्तन, आख्यान व भक्तविजयासारखे चरित्रग्रंथ यांतून लोकांच्या कानी एकच चांगदेव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या व पंथीय महंतांच्या प्रयत्नाने त्या लिपींचा उलगडा झाला आणि श्रीचांगदेव राऊळांचे नाव पंथाबाहेरील विद्वानांस कळले. तोवर दुसऱ्या नावाचा ठसा पक्का झाला होता. जी स्मृती अधिक बोलली जाते, ती त्याच नावाची मुकी राहिलेली स्मृती गिळून टाकते.

वऱ्हाडातील ताम्रपट काय सांगतात

नामसाम्याचा प्रश्न पंथीय इतिहासापुरता आहे असे कोणी समजू नये. अचलपूर तालुक्यातील चम्मक येथे वाकाटक राजा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. त्यात राजाने आपली वंशावळ दिली आहे. मूळ प्रवरसेन, मग गौतमीपुत्र, मग रुद्रसेन, मग पृथिवीषेण, मग दुसरे रुद्रसेन, आणि मग दान देणारे प्रवरसेन. एका ताम्रपटात दोन प्रवरसेन व दोन रुद्रसेन आहेत. 'पहिला' आणि 'दुसरा' हे अंक आजच्या इतिहासकारांनी घातले, ताम्रपटात ते नाहीत. मग तेथे भेद कसा दाखविला? प्रत्येक नामापुढे पित्याचे नाम व कार्य सांगून. पूर्वीच्या प्रवरसेनास सम्राट म्हटले, इतरांस महाराज. वंशज पूर्वजाचे नाव घेतो, पण पदवी व पितृनाम निराळेच राहते.

पाचव्या शतकातील या प्रवरसेनाच्या वाट्यास आणखी एक नामसाम्य आले आहे. सेतुबंध हे प्राकृत काव्य त्याचे मानले जाते. परंतु काश्मिरातही प्रवरसेन नावाचा राजा झाला. बाराव्या शतकात रचलेल्या राजतरंगिणीत कल्हणाने लिहिले आहे, की त्याने वितस्ता नदीवर नावांचा सेतू बांधला व प्रवरपूर वसविले. नाम प्रवरसेन आणि कृती सेतू, एवढ्यावरून ते काव्य काश्मीरच्या राजाचे मानण्याचा मोह काही विद्वानांस झाला. विदर्भातील प्रवरसेनाच्या राजधानीचे नावही प्रवरपूरच होते. नाम जुळले, नगर जुळले, सेतू हा शब्दही जुळला, तरी एक राजा विदर्भाचा आणि दुसरा काश्मीरचा तो निराळाच. शब्दांची माळ कितीही लांब झाली, तरी वंशावळीवाचून ती पुरुषास बांधू शकत नाही.

पुरुष एक, नामे अनेक

आता याच्या उलट बाजू. खुद्द रिद्धपुरास सापडलेल्या प्रभावतीगुप्ता राणीच्या ताम्रपटात तिला दामोदरसेन व प्रवरसेन यांची जननी म्हटले आहे. हे दोन पुत्र, की दामोदरसेनानेच राज्यावर येताना प्रवरसेन हे नाव धारण केले, यावर इतिहासकारांत वाद झाला. येथे नामभेदामुळे एकाचे दोन मानण्याचा धोका आहे आणि नाम बदलण्याच्या रीतीमुळे दोघांचे एक मानण्याचाही.

आपल्या ग्रंथांत हा प्रकार पदोपदी येतो. दादोस म्हणजेच रामदेव. भटोबास म्हणजेच श्रीनागदेवाचार्य. महदाइसा व महदंबा एकच. ज्याने लीळाचरित्र प्रथमच हाती घेतले, त्यास रामदेव हे नाव वाचून देवगिरीचा राजा रामदेवराव वाटणे अगदी शक्य आहे, कारण तो राजा १२७१ साली गादीवर आला व काळ जवळचाच. परंतु दादोस हे राजे नव्हेत. तसेच रिद्धपूर, ऋद्धिपूर व परमेश्वरपूर ही तीन गावे नव्हेत, मोर्शी तालुक्यातील एकच तीर्थ आहे.

आणि या सर्वांच्या मुळाशी तत्त्वाचा प्रश्न आहे. श्रीचांगदेव राऊळ, श्रीचक्रपाणी ही एकाच अवताराची नामे. तो अवतार देहत्याग करून हरपाळदेवाच्या देहात आला व पुढे श्रीचक्रधर या नामाने ओळखला गेला. नामे बदलली, देह बदलला, स्वरूप बदलले नाही. दुसरीकडे चांगदेव हे नाम तीन ठिकाणी आहे, पण पुरुष तीन आहेत. म्हणून नामाचे अभिन्नत्व हे पुरुषाच्या अभिन्नत्वाचे लक्षण नव्हे आणि नामाचे भिन्नत्व हे भेदाचे लक्षण नव्हे.

दोन दोषांपासून सावध

या विषयात दोन दोष संभवतात. पहिला दोष अनेकांचे एक करण्याचा. संत नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याची रचना मिसळली, ती 'नामा' या मुद्रेमुळे. दोघांनीही नामा म्हणून सही केली, आणि पुढच्या लेखकांनी एकाच बस्त्यात दोघांस बांधले. यात विष्णुदास नाम्याचे स्वतंत्र श्रेय गेले आणि नामदेवांच्या माथी जे त्यांनी लिहिले नाही तेही आले.

दुसरा दोष एकाचे अनेक करण्याचा. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या टोपणनावाने सुधारक पत्रात लेख लिहून, ज्ञानेश्वरीचे कर्ते व अभंगांचे कर्ते हे दोन भिन्न ज्ञानदेव होत, असे प्रतिपादिले. भाषेतील व उपास्यातील भेद हे त्यांचे मुख्य प्रमाण होते. त्यावर मोठा वाद झाला, आणि पुढे बहुतेक अभ्यासकांनी ज्ञानदेव एकच मानले. ग्रंथाची भाषा आणि गाण्याची भाषा एकाच पुरुषाची असूनही निराळी असू शकते. परंतु त्या वादाचा एक लाभ झाला : प्रमाणे तपासून बोलावे लागते, हे सर्वांस कळले.

या दोन्ही दोषांचे कारण एकच आहे. ज्याला निर्णयाची रीत नाही, तो आपल्या आवडीप्रमाणे जोडतो किंवा तोडतो.

अभ्यासकांस व शिक्षकांस सूचना

आश्रमातील विद्यार्थ्यांस लीळा शिकविताना प्रत्येक व्यक्तीचे नाम आले की पितृनाम, ग्राम, संबंध व कार्य ही चार अंगे लिहून घेण्याची सवय लावावी. स्थानपोथी हा ग्रंथ आपल्याकडे याच हेतूने जपला गेला आहे. कोणत्या गावी, कोणत्या दिशेस, कोणत्या ओट्यावर लीळा झाली, हे ज्यांनी टिपून ठेवले, त्यांनी नकळत इतिहासशास्त्राचे उत्तम साधन आपल्या हाती दिले आहे. लीळा वाचावी, लगेच स्थान पाहावे, आणि दोहोंचा मेळ बसला म्हणजे नाम घ्यावे. नाम, मूर्ती, लीळा व चेष्टा या चतुर्विध स्मरणाची शिस्त आणि नामसाम्याचा निर्णय करण्याची शिस्त, या दोन्ही वस्तुतः एकच आहेत.

आता वासनिकांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर सरळ द्यावे. पूर्णेच्या काठाने जाऊन जे संगमावर पोचतील, त्यांनी जाणावे की ते मंदिर योगी चांगदेव वटेश्वर यांचे आहे. तेथे श्रीचांगदेव राऊळांची लीळा घडलेली नाही, म्हणून त्यांचे स्थान समजून तेथे दंडवत घालू नये. परंतु ज्या परंपरेचे ते श्रद्धास्थान आहे तिच्याविषयी अनादराचा शब्दही काढू नये, कारण तेथे जाणाऱ्यांनी आपल्या प्रभूंचे काही हिरावून घेतलेले नाही. त्यांचे चांगदेव त्यांचेच आहेत. श्रीचक्रपाणी प्रभूंच्या स्थानाचे दर्शन घ्यावयाचे असेल त्याने फलटणची, माहूरची अथवा द्वारावतीची वाट धरावी. इतके दूर जाणे ज्यास शक्य नाही, त्याने मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरास जावे. द्वारावतीहून तीच शक्ती घेऊन आलेले श्रीगोविंदप्रभू तेथे आयुष्यभर नांदले, आणि तेथील प्रत्येक स्थानाची नोंद आपल्या पोथीत आहे.